मूळ गाणे आणि मिरवणुकीतले गाणे

शीव-ट्रॉम्बे रस्त्यावर, चेंबूर आणि देवनार यांच्या सांध्यावर, राज कपूर यांचा आर. के. स्टुडिओ होता. १९४८ साली उभा राहिलेला हा स्टुडिओ सप्टेंबर २०१७ मध्ये आगीत सापडला आणि २०१९ मध्ये जागा विकली गेली. त्याच्या चित्रपटांची गाणी मात्र त्याच रस्त्यावरून दरवर्षी जातात. गणपतीच्या आगमनाला, विसर्जनाला, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत, हळदीला आणि वरातीला देवनार, गोवंडी, मानखुर्द, ट्रॉम्बे या पट्ट्यात बेंजो पार्टी वाजते, कुठे ब्रास बँड वाजतो, अलीकडे ढोल-ताशाचे पथकही येते. ही मंडळी जे वाजवतात ते बहुतांशी कुणाचे तरी आधीचे गाणे असते. ते गाणे रस्त्यावर आल्यावर त्याचे काय होते आणि जे होते ते चांगले की वाईट, यावर बोलणारे खूप आहेत. पण संगीतकार एका बाजूने बोलतात, वाजवणारे दुसऱ्या बाजूने, अभ्यासक आणि वकील आणखी वेगळ्या बाजूंनी, आणि त्यांची एकमेकांशी गाठ क्वचितच पडते. म्हणून या प्रश्नाची आजची स्थिती एका जागी मांडून पाहणे गरजेचे वाटले.

पूर्वपीठिका

मुंबईच्या मिरवणुकीतल्या वाजपाला निदान तीन उगम आहेत. पहिला लष्करी. इंग्रजी पलटणींच्या बँडवरून शहरांत देशी ब्रास बँड उभे राहिले. क्लॅरिनेटवर गाण्याची चाल, ट्रम्पेटवर मधले तुकडे, युफोनियमचा भराव आणि साइड ड्रम-बास ड्रमचा ठेका ही त्यांची वाटणी आजही दिसते. पुण्यातले प्रभात आणि दरबार हे बँड गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत मानाने वाजत आले आहेत.

दुसरा उगम कोकणी. रायगड-रत्नागिरीकडचा खालूबाजा, म्हणजे ढोल, टिमकी, सनई, झांज, हा गिरणगावात नोकरीला आलेल्या माणसांबरोबर मुंबईत आला. त्याला हलगी, संबळ, ढोलकी येऊन मिळाली.

तिसरा उगम थेट जपानचा आहे आणि तो बहुतेकांना ठाऊक नसतो. नागोया शहरातल्या गोरो मोरिता या माणसाने १९१२ साली ताइशोगोतो नावाचे वाद्य काढले. तारांवर टाइपरायटरसारख्या कळा बसवल्या, एका हाताने कळ दाबायची, दुसऱ्या हातातल्या नखीने तार छेडायची. हेच वाद्य भारतात बुलबुलतरंग झाले आणि मुंबईच्या वस्त्यांत बेंजो. अमेरिकेतल्या कातडी मढवलेल्या बॅन्जोशी त्याचे नात्यागोत्याचे काही नाही. त्याला पिकअप लावून ॲम्प्लिफायरला जोडले की घरात वाजवायचे नाजूक वाद्य शंभर माणसांच्या नाचाला पुरते. पुढे कीबोर्ड आला. रोलँड कंपनीचा ऑक्टोपॅड १९८५ सालचा. तो आल्यावर टेम्पोत जनरेटर आणि स्पीकर चढवून निघणारी आजची बेंजो पार्टी साकार झाली. जोगेश्वरी बीट्स, वरळी बीट्स अशी आपापल्या वस्तीचे नाव लावणारी मंडळी समाजमाध्यमांमुळे मुंबईबाहेरही माहीत झाली. रवी जाधव यांनी २०१६ साली याच वाजवणाऱ्यांवर ‘बॅन्जो’ हा हिंदी चित्रपट काढला.

पुण्याच्या पथकांची कथा वेगळी आहे. तिथे चाल वाजवणारे वाद्यच नसते. ताशा पुढे चालवतो, ढोल त्याच्यामागे, टोल आणि झांज काळ राखतात. तरीही गाणे तिथे शिरले आहेच. पथकांच्या हातांमध्ये, म्हणजे ठेक्याच्या ठरलेल्या बांधणींमध्ये, ‘रामलखन’ नावाचा एक हात आहे. १९८९ सालच्या चित्रपटाचे नाव, पण ना शब्द ना चाल, फक्त ठेक्याचा वळसा उरलेला. गाणे किती गाळले तरी ते गाणे राहते, याचे इतके टोकाचे उदाहरण दुसरे मला ठाऊक नाही.

मूळ गाणे कोणी बांधले?

तुलना करायची तर मूळ म्हणजे काय हे आधी ठरवावे लागते, आणि इथेच चर्चा सहसा घसरते. ‘मूळ’ म्हणून लोक ज्याच्याकडे बोट दाखवतात ती ध्वनिमुद्रिका असते. हिंदी चित्रपटाची ध्वनिमुद्रिका ही एकट्या संगीतकाराची नव्हती. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची वाद्यरचना सेबॅस्टियन डिसोझा करत. अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट ही सगळी गोव्याची माणसे. चर्चच्या शाळांतून पाश्चात्त्य स्वरलेखन शिकून आलेली. संगीतकाराने पेटीवर चाल ऐकवायची आणि यांनी व्हायोलिनचे, ट्रम्पेटचे, चेलोचे कागद लिहायचे, अशी कामाची विभागणी होती. तालाचे खाते वेगळे. दत्ताराम वाडकर यांनी शंकर-जयकिशनच्या गाण्यांना जो ढोलकीचा ठेका दिला तो ‘दत्तू ठेका’ म्हणून वादकांत आजही ओळखला जातो. कावस लॉर्ड यांनी बोंगो-कोंगोसारखी लॅटिन अमेरिकन तालवाद्ये स्टुडिओत रुळवली.

ही माहिती सर्वसामान्य वाचकापर्यंत फार उशिरा आली, कारण यांतल्या बहुतेकांची नावे श्रेयनामावलीत येतच नसत. ग्रेगरी बूथ या न्यूझीलंडच्या संगीत-अभ्यासकाने वरातीतल्या बँडवाल्यांवर ‘ब्रास बाजा’ (२००५) आणि स्टुडिओतल्या वादकांवर ‘बिहाइंड द कर्टन’ (२००८) अशी दोन पुस्तके लिहिली. दोन्ही शेजारी ठेवून वाचली की एक गोष्ट लख्ख दिसते: स्टुडिओतला ट्रम्पेटवाला आणि वरातीतला ट्रम्पेटवाला एकाच प्रकारचे काम करत होते, म्हणजे दुसऱ्याने दिलेल्या चालीला वाद्यांचा देह देणे. एकाला माइक मिळाला, दुसऱ्याला रस्ता.

१९५१ चा ‘अलबेला’ या बाबतीत बोलका आहे. संगीत सी. रामचंद्र यांचे, सहायक चिक चॉकलेट, नायक-दिग्दर्शक मास्टर भगवान. भगवानदादा गिरणगावातले. त्यांचा तो खांदे हलवत पुढे सरकणारा नाच मिरवणुकीच्या नाचाशी इतका जुळतो की आधी कोण आणि नंतर कोण हे सांगणे कठीण. म्हणजे ‘अलबेला’ची गाणी बेंजोवर वाजतात तेव्हा गोव्याच्या जॅझ बँडचा एक तुकडा, पडद्यावर गेलेला गिरणगावातला नाच आणि पुन्हा रस्ता, असा तो फेरा असतो.

अजय-अतुल यांनी तर प्रश्न आणखी अवघड केला. ‘जत्रा’मधले ‘कोंबडी पळाली’ २०१२ च्या ‘अग्निपथ’मध्ये त्यांनीच ‘चिकनी चमेली’ केले. बेंजोवर शब्द नसतात. मग वाजते ते कोणते? वाजवणारा आणि नाचणारा या दोघांनाही याने काही फरक पडत नाही, आणि तसा तो पडायला हवा असे मला तरी वाटत नाही. पण ‘मुळाशी इमान’ मागणाऱ्याला या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. शिवाय ही गाणी मुळातच मिरवणुकीचा ढोल-ताशा, हलगी मनात धरून बांधलेली आहेत. रस्त्यावरून स्टुडिओत गेलेले पुन्हा रस्त्यावर येते.

काय टिकते आणि काय गळते

टीका आणि कौतुक या दोन्हींच्या आधी वाद्यांचे साधे हिशेब मांडायला हवेत.

बेंजोच्या कळा टप्प्याटप्प्याने आहेत, त्यामुळे गळ्यातली मींड तिथे नीट येत नाही. लताबाई एका स्वरावरून दुसऱ्यावर ज्या लवचिकतेने जातात तो प्रवास बेंजोवर पायऱ्यांचा होतो. तार छेडली की आवाज लगेच ओसरू लागतो, म्हणून लांब स्वर टिकवायचा तर नखी भराभर फिरवत राहावी लागते. बेंजोची ती ओळखीची थरथर हौसेने नव्हे, गरजेने आली आहे. क्लॅरिनेटला श्वास असतो, तो स्वर धरतो. म्हणून संथ गाणे ब्रास बँडवर बेंजोपेक्षा जास्त सुसह्य होते.

दुसरा बदल लयीचा. मिरवणूक चालते, आणि तिच्यासमोर नाच चालतो. गाण्याची लय पावलांच्या लयीशी जुळवावी लागते, म्हणून बहुतेक गाणी मुळापेक्षा जलद होतात. तिसरा बदल ठेक्याचा. मुंबईत कोळीगीतांचा सहा मात्रांचा हेलकावा इतका अंगवळणी पडला आहे की आठ मात्रांच्या केरव्यातले गाणेही मधेच त्या हेलकाव्यात वळवतात, पुन्हा परत आणतात. हे वळण घेणे आणि परत येणे यातच बेंजो मास्टरची आणि ढोलवाल्यांची कसोटी असते. ट्रॉम्बे कोळीवाड्याच्या शेजारी वाढलेल्या वादकाला हे शिकवावे लागत नाही.

चौथा बदल आराखड्याचा. मुखडा राहतो, अंतरा अर्धा राहतो किंवा जातो. स्टुडिओत लिहिलेला मधला ‘म्युझिक पीस’ मात्र गमतीशीर रीतीने टिकतो. शंकर-जयकिशनच्या गाण्यातली व्हायोलिनची ओळ बेंजोवाला जशीच्या तशी उचलतो, कारण गर्दी ती ओळखते आणि तिच्यावर उडी मारते. सेबॅस्टियन डिसोझांचे काम अशा रीतीने, त्यांचे नाव न घेता, गोवंडीच्या गल्लीत जिवंत आहे. एका गाण्यातून दुसऱ्यात शिरताना मध्ये नुसत्या तालाचा तुकडा येतो. तिथे ताशा, ऑक्टोपॅड आणि ढोल यांची सवाल-जवाबी चालते. जाणकार श्रोता खरे तर या तुकड्यांसाठीच थांबलेला असतो. तो भाग कोणत्याही मूळ गाण्यात नाही.

वाद्यांच्या मढवण्यावरही बरेच ठरते. चामड्याचे पान भाद्रपदातल्या पावसाने सैल पडते, फायबरचे पडत नाही. फायबरचा आवाज कडक आणि उंच, चामड्याचा गोल आणि खोल. नाशिक ढोल फायबरवर गेल्यापासून ठेक्याचा रंगच पालटला, ही जुन्या वादकांची तक्रार ऐकण्यासारखी आहे. गाण्याच्या चालीपेक्षा हा बदल मोठा आहे.

मुख्य भूमिका

पहिली भूमिका गाण्याची बाजू घेते. ती सांगते की गाणे म्हणजे शब्द, स्वर आणि भाव यांचा मेळ. त्यातले शब्द काढले, लय वाढवली आणि विरहाच्या गाण्यावर नाच केला तर उरते ते गाण्याचे सोंग. या म्हणण्यात तथ्य आहे. आंबेडकरी चळवळीतल्या भीमगीतांच्या बाबतीत ते सर्वांत जोरकसपणे लागू पडते. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) किंवा विठ्ठल उमप यांचे गाणे ऐकायचे ते त्यातल्या विचारासाठी. शब्द काढलेले भीमगीत नाचाला वाजवले तर उरले काय, असा प्रश्न चळवळीतलेच ज्येष्ठ विचारतात. त्यावरचे उत्तरही तिथेच मिळते: वाद्यांवर चाल सुरू झाली की शब्द गर्दी म्हणते, तेही तोंडपाठ. शिवाय जलशांपासूनच या परंपरेने चित्रपटांच्या, लोकगीतांच्या, कव्वालीच्या चाली बिनदिक्कत उचलल्या. तिच्यात चाल नेहमीच उसनी आणि शब्द स्वतःचे होते. बेंजो हे गणित उलटे करतो, एवढाच फरक.

दुसरी भूमिका म्हणते की मिरवणूक हा स्वतंत्र कलाप्रकार आहे, त्याला मैफलीचे किंवा तबकडीचे मोजमाप लावू नये. संगीत-अभ्यासक अशोक दा. रानडे यांनी संगीताच्या कोटी मांडताना कला, लोक, भक्ती, जनप्रिय अशा प्रवाहांचे निकष वेगवेगळे असतात हे आग्रहाने सांगितले होते. या भूमिकेला त्यांचा आधार घेता येतो. तिची अडचण अशी की मग चांगले-वाईट ठरवायचे कशावर हे ती सांगत नाही. वस्तीतले लोक मात्र ठरवतात. अमुक पार्टीचा ठेका ‘बसतो’, तमुक नुसता गोंगाट करते, हे निवाडे रोज होतात. ते कुणी लिहून ठेवलेले नाहीत, इतकेच.

तिसरी भूमिका सामाजिक आहे. हलगी, ढोल, सनई वाजवणे हे गावकीत ठरावीक जातींवर लादलेले काम होते. आंबेडकरी चळवळीने गावकीची कामे सोडायला सांगितली तेव्हा अनेकांनी वाद्येही खाली ठेवली. त्याच समाजांतली पुढची पिढी आज ऑक्टोपॅड आणि बेंजो घेऊन सुपारी ठरवते, पैसे मोजून घेते, स्वतःच्या नावाचे शर्ट छापते. दुसरीकडे पुणेरी पथकांत शिकलेली, नोकरदार घरांतली मुले-मुली हौसेने वाजवतात. एकाला ‘संस्कृती’ म्हणायचे आणि दुसऱ्याला ‘धांगडधिंगा’, हा भेद कानाचा आहे की जातीचा, असा या भूमिकेचा सवाल आहे. बूथ यांनीही बँडवाल्यांचे समाजातले खालचे स्थान तपशिलाने नोंदवले आहे.

या सवालाला बळ देणारी दोन उदाहरणे २०२२ सालची आहेत. त्या वर्षी दिल्लीच्या बीटिंग रिट्रीटमध्ये ‘अबाइड विथ मी’ऐवजी सी. रामचंद्रांचे ‘ऐ मेरे वतन के लोगों’ लष्करी बँडने वाजवले. त्याच वर्षी मुंबई पोलिसांच्या ‘खाकी स्टुडिओ’ या बँडने ‘पुष्पा’मधले ‘श्रीवल्ली’ वाजवले आणि लोकांनी ते डोक्यावर घेतले. दोन्हींत शब्द काढलेले, चाल फुंकवाद्यांवर. विटंबनेची तक्रार कुणाकडून आल्याचे स्मरत नाही. गाणे बदलले याचा राग नसतो. कुणी, कुठे आणि किती मोठ्याने बदलले याचा असतो, असा निष्कर्ष यातून काढता येतो. मला तो बराचसा पटतो. पूर्ण नाही, कारण ‘किती मोठ्याने’ हा मुद्दा जातीवर ढकलून संपत नाही. आजारी माणसाच्या खिडकीखाली वाजलेला कोणताही ठेका फार मोठाच असतो.

अमेरिकेतला जुळा वाद

हाच वाद अमेरिकेत ड्रम कोअरच्या जगात पन्नास वर्षे चालू आहे. पहिल्या महायुद्धानंतर माजी सैनिकांच्या संघटनांनी उभी केलेली ही पितळी वाद्यांची आणि ढोलांची पथके. १९७२ पासून ‘ड्रम कोअर इंटरनॅशनल’ त्यांच्या अजिंक्यपद स्पर्धा घेते. सुरुवातीला त्यांच्याकडे बिगुल होते, मोजकेच स्वर काढणारे. १९७७ मध्ये दोन झडपांचे बिगुल मान्य झाले, १९९० मध्ये तीन, २००० मध्ये कोणत्याही पट्टीची पितळी वाद्ये. २००४ पासून ध्वनिवर्धन आणि २००९ पासून इलेक्ट्रॉनिक वाद्ये आली. प्रत्येक पायरीवर जुन्यांनी सांगितले की आता हे ड्रम कोअर राहिले नाही.

तिथे मूळ संगीत म्हणजे बऱ्याचदा खाचातुर्यानच्या बॅलेसारखी रचना. फँटम रेजिमेंट या पथकाने २००८ मध्ये ‘स्पार्टाकस’वर विजेतेपद मिळवले, तासन्‌तास चालणारे बॅले बारा मिनिटांच्या आत बसवून. उलट, स्टार ऑफ इंडियाना या पथकाने १९९३ मध्ये बार्बर आणि बार्टोक यांचे अवघड संगीत कसलीही सोपी ओळख न ठेवता मांडले. परीक्षकांनी दुसरा क्रमांक दिला, प्रेक्षक गोंधळले. बेंजोवाल्याला ही चैन नाही. अमेरिकेत गुणपत्रिका असते. इथे गर्दीचे पाय थांबले की सगळे संपले. पण वाद्याची मर्यादा रचनाकाराला काय करायला लावते, यावर तिकडे जितके तपशीलवार लेखन झाले आहे तितके आपल्याकडे बेंजोवर झालेले नाही.

कायद्याची बाजू

१९५७ चा कॉपीराइट कायदा संगीतरचनेची वेगळी वाद्यमांडणी करणे याला ‘रूपांतर’ मानतो आणि तो हक्क मालकाकडे ठेवतो. कलम ५२(१)(झेडए) मात्र खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीतल्या सादरीकरणाला सूट देते आणि लग्नाची वरात व लग्नाशी जोडलेले सोहळे त्यात धरते. वरातीचा प्रश्न त्यामुळे निदान कागदावर सुटला. तरीही या सुटीचा आवाका किती, यावर परवाना संस्था आणि हॉटेल-हॉलवाले यांच्यात खटके उडतच असतात. २०२४ मध्ये गोवा सरकारने या विषयावर काढलेले परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने रद्द केले. गणपतीची मिरवणूक धार्मिक विधी ठरेल असे सहज वाटते, पण मंडळाने महिनाभर आधी केलेला ‘आगमन सोहळा’ आणि त्याचे चित्रण?

२०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ३१सी जुन्या गाण्याची नवी ध्वनिमुद्रिका काढायला पाच वर्षांनंतर परवानगी देते. अट अशी की रचनेत तांत्रिक गरजेपलीकडचा बदल करायचा नाही. बेंजो पार्टीचे तर सगळे कसबच त्या बदलात असते.

आवाजाचे नियम वेगळे: २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा, रात्री दहानंतर बंदी, वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत. हरित न्यायाधिकरणाने २०२४ मध्ये पुण्याच्या पथकांना तीस जणांची मर्यादा घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याच सप्टेंबरमध्ये तिला स्थगिती दिली. यात गाण्याच्या रूपाचा प्रश्न वरवर पाहता येत नाही, पण खोलात येतो: माणसे कमी आणि ॲम्प्लिफायर बंद, तर कोणते गाणे कसे वाजवायचे हे पुन्हा नव्याने बसवावे लागेल.

उरलेले प्रश्न

सर्वांत मोठी उणीव नोंदींची आहे. स्टुडिओच्या वाद्यरचनाकारांना बूथ यांच्या मुलाखतींमुळे निदान नावे मिळाली. बेंजोवर पहिल्यांदा एखादा तुकडा बसवणाऱ्याचे नाव त्याच्या गल्लीबाहेर जात नाही. खालूबाजापासून बेंजोपर्यंतचा प्रवास कोणत्या दशकात, कोणत्या चाळींतून झाला, याच्या आठवणी सांगणारी पिढी अजून आहे. तिच्याशी बसून बोलण्याचे काम पद्धतशीरपणे झालेले नाही. देवनारलाच टाटा समाजविज्ञान संस्था आहे आणि तिच्या फाटकासमोरून या मिरवणुका जातात, एवढे इथे नमूद करतो.

दुसरा प्रश्न तालाच्या मालकीचा. आपला कायदा चालीला ओळखतो, शब्दाला ओळखतो. ठेक्याला कितपत ओळखतो? दत्तू ठेका सगळ्यांनी घेतला, दत्ताराम यांना त्याचे काही मिळाले नाही.

तिसरा सगळ्यांत ताजा आहे. मिरवणुकीचे व्हिडिओ आता समाजमाध्यमांवर जातात, आणि त्यातली चाल ओळखून यंत्र उत्पन्न मूळ मालकाकडे वळवू शकते. एका मास्टरने जुन्या गाण्याला दिलेले नवे वळण, मधला तालाचा तुकडा, कोळी ठेक्यावरचा उतार, हे दुसऱ्या वस्तीतली पार्टी पुढच्या सुपारीत जसेच्या तसे वाजवते. त्याने तक्रार करायची तर कोणाकडे? परवानगीशिवाय केलेल्या रूपांतरावर हक्क सांगायला तो गेला, तर आधी त्यालाच परवाना विचारला जाईल.